माळ्यावरचं पॉलिश

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून गाडीच्या पॉलिशची जुनी बाटली निघते आणि घरात दोन पक्ष पडतात. ‘फेकून द्या’ म्हणणारा एक, ‘पैसे मोजलेत’ म्हणणारा दुसरा. बऱ्याचदा दुसऱ्याचं म्हणणं खरं ठरतं, पण आत काय आहे यावर ते अवलंबून.

डब्यातलं घट्ट मेण सर्वांत चिवट. त्यातलं कार्नोबा ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं आणि ८० अंश सेल्सिअस ओलांडल्याशिवाय वितळत नाही. वर्षानुवर्षं ठेवलं तरी मेण सहसा नासत नाही. उडून जातं ते त्याला मऊ ठेवणारं द्रावक. मग भेगा पडतात, लावताना मनगट दुखतं, इतकंच. मऊ करण्यासाठी डबा गॅसवर मात्र ठेवू नये. उरलेलं द्रावक पेट घेऊ शकतं.

पातळ पॉलिशकडे जास्त बारकाईने पाहावं. पाणी, तेल, द्रावक आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी घासणारी बारीक पूड असं ते मिश्रण. थर वेगळे झालेले दिसले, पण हलवल्यावर एकजीव झाले, तर बिनधास्त वापरावं. गुठळ्या बोटांना खरखरीत लागल्या किंवा कुबट वास आला, तर नाही. आधुनिक गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम ०.०५ मिलिमीटरचा, एका गुठळीचा ओरखडाही त्यावर उन्हात चमकतो.

सिरॅमिक कोटिंगला तर सवलतच नाही. बाटली उघडली की हवेतला दमटपणा आत शिरतो आणि द्रव बाटलीतच कडक होऊ लागतो.

शंका असेल तर दाराच्या आतल्या कडेला थोडंसं लावून पाहावं. बॉनेटवर प्रयोग कशाला?