कटिशूल आणि मासेमारीची कयाक

अमेरिका व ऑस्ट्रेलियात कयाक या चिंचोळ्या नौकेतून गळाने मासे धरण्याचा छंद रुजलेला आहे. तेथे स्थायिक झालेला कटिशूलाचा रुग्ण सल्ला विचारतो, तेव्हा तैल व गुग्गुळकल्प सांगून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. नौकेतील बैठक हाही निदानपरिवर्जनाचाच भाग होय.

बैठक तळाशी टेकलेली असल्यास पाय समोर लांब राहतात, मांडीमागील स्नायू ताणून श्रोणी मागे कलते आणि कमरेची स्वाभाविक वक्रता लोपते. मऊ गादीने हा दोष जात नाही. बैठक टाचांपेक्षा उंच, गुडघे किंचित दुमडलेले व टेकू कमरेशी जुळणारा हवा. मात्र उंच बैठकीस रुंद तळ लागतो आणि रुंदीबरोबर वजन वाढते. होबी कंपनीने १९९७ मध्ये पेडलची यंत्रणा आणली. तिच्यामुळे वल्हे मारताना कंबर पिळण्याचे टळते. तथापि गृध्रसीत पायाचा तो रेटाच वेदना देऊ शकतो. शिवाय अशा अनेक नौका ४० किलोंहून जड. पाण्यावर सुखाने बसलेला मनुष्य ती मोटारीच्या टपावर चढविताना कंबर धरून बसतो! म्हणून हलकी नौका अथवा वाहून नेण्यास चाकांची गाडी आधी पाहावी, आणि खरेदीपूर्वी त्याच बैठकीवर तासभर बसून पाहावे.

पाण्यावर मूत्रवेग धरून ठेवला जातो. वातप्रकोपास तेही कारण. अधूनमधून किनाऱ्यास लागून उठावे. लघवी अडणे, जननभाग बधिर होणे वा पायांतील शक्ती जाणे ही लक्षणे दिसल्यास मात्र रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.