आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना

एटापल्लीत विमानतळ नाही, पण हेलिकॉप्टर गावाला नवे नाही. कुणी मोठा माणूस येणार असला की मैदानावर पाण्याचा टँकर फिरतो, पांढरा 'एच' आखला जातो आणि कडेला धूर केला जातो. पाणी धूळ बसवण्यासाठी. धूर असतो तो वारा कुठून येतोय हे वैमानिकाला वरूनच कळावे म्हणून. मग तो सरळ वाऱ्याकडे तोंड करतो आणि उतरतो.

विमानाला ही मुभा नाही. धावपट्टी जमिनीला खिळलेली आणि वारा आपल्या मर्जीचा. एटापल्लीच्या एखाद्या मुलामुलीने भौतिकशास्त्र-गणित घेऊन बारावी केली आणि व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे 200 तासांचे उड्डाण सुरू केले, तर खरी कसोटी आडव्या वाऱ्यात उतरतानाच लागते.

आपल्या बाजूचे प्रशिक्षणाचे मोठे ठिकाण म्हणजे गोंदियाजवळचे बिरसी. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली ही धावपट्टी. आता तिथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची डायमंड डीए-40 विमाने घिरट्या घालतात. पट्टीच्या एका टोकावर 04 आणि दुसऱ्यावर 22 असे आकडे रंगवलेले असतात. पुढे शून्य जोडले की दिशा कळते: 40 अंश म्हणजे ईशान्येकडे, 220 म्हणजे नैर्ऋत्येकडे. पावसाळी नैर्ऋत्य वारा या पट्टीवर समोरून मिळतो, ते सुख. एप्रिल-मेमध्ये मात्र विदर्भात वायव्येकडून गरम वारा सुटतो आणि तो बिरसीला आडवा पडतो. नागपूरच्या सोनेगावची पट्टी 14-32 असल्यामुळे तोच वारा तिथे जवळजवळ नाकासमोर येतो. एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात, दोन गावांचे लँडिंग वेगळे.

समजा 22 वर उतरताना टॉवरने सांगितले, "वारा 280 अंश, 15 नॉट." (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.) पट्टी आणि वारा यांच्यात 60 अंशांचा फरक. 30 अंशांचा फरक असेल तर निम्मा वारा आडवा धरायचा, 45 ला सुमारे सत्तर टक्के आणि 60 पासून पुढे जवळजवळ सगळा. म्हणजे इथे उजवीकडून सुमारे 13 नॉट. डीए-40 हे विमान 20 नॉट आडव्या वाऱ्यात उतरवता येते, हे कंपनीने उडवून दाखवलेले आहे. पण ते हात मुरलेल्या वैमानिकाचे काम. एकट्याने उडणाऱ्या शिकाऊ मुलाला मर्यादा बरीच खाली घालून दिलेली असते.

पट्टीच्या रेषेत नाक ठेवून आलात तर वारा विमानाला डावीकडे सरकवत नेतो. म्हणून नाक वाऱ्याकडे, उजवीकडे, थोडे वळवून यायचे. पर्लकोटा नदीच्या पुरात डोंगा हाकणारा पलीकडचा घाट गाठायला तोंड धारेच्या वर धरतो, तसेच. 70 नॉटच्या वेगाला हा कोन साधारण 11 अंशांचा पडतो. पट्टी समोरच्या काचेत मधोमध न दिसता डावीकडे दिसते, आणि नवख्याला नेमके तेच खटकते. तो नकळत नाक सरळ करतो आणि विमान सरकू लागते.

पण तिरक्या नाकाने चाके टेकवली तर टायर आडवे घासतात आणि सगळा ताण चाकांच्या दांड्यांवर येतो. म्हणून जमीन जवळ येताच डाव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, दाबून नाक पट्टीशी सरळ करायचे आणि त्याच वेळी स्टिक उजवीकडे झुकवून उजवा पंख किंचित खाली ठेवायचा. पाय दिशा सांभाळतो, हात सरकणे थांबवतो. दोन्ही नियंत्रणे एकमेकांच्या उलट चालतात, आणि शिकणाऱ्याचे सगळे शरीर त्याला नाही म्हणत असते. जमले तर आधी उजवे चाक टेकते, क्षणभराने डावे, शेवटी नाकाचे. एका चाकावरचे ते टेकणे बघणाऱ्याला चुकल्यासारखे वाटते. वास्तविक तेच बरोबर.

वारा झोताने येत असेल, म्हणजे 15 चा मध्येच 25 होत असेल, तर त्या दहाच्या निम्मे, पाच नॉट, आपल्या वेगात वाढवायचे. शिवाय दुपारी नांगरलेल्या शेतावरून हवा वर उसळते आणि तलावावर आली की बसते. गोंदिया तर तलावांचाच जिल्हा. म्हणून नवख्यांना सकाळच्या शांत हवेत उडवतात, ते योग्यच. पण निव्वळ शांत हवेत कितीही चकरा मारल्या तरी हा हात बसत नाही. प्रशिक्षकाने शेजारी बसून मुद्दाम वाऱ्यात न्यावेच लागते.

आणि जमत नसेल तर पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जायचे, गो-अराउंड. यात कमीपणा कसला? खरा धोका ओढूनताणून उतरवण्यात आहे.

चाके टेकली म्हणजे सुटलो, असे नाही. वेग उतरतो तसा पंखांवरच्या नियंत्रणांचा जोर कमी होतो, म्हणून स्टिक वाऱ्याकडे आणखी आणखी झुकवत न्यायची. शेपटीवर वारा बसला की नाक वाऱ्याकडे फिरू पाहते. डीए-40 चे पुढचे चाक पॅडलला जोडलेले नसून मोकळे फिरते, त्यामुळे कमी वेगात दिशा एकेका बाजूच्या ब्रेकने धरावी लागते. मग त्याच पट्टीवरून मागे वळून येताना तोच वारा डाव्या बाजूने, मागून लागतो. आता स्टिक उजवीकडे आणि पुढे दाबून ठेवायची, विमान उभे करून बांधेपर्यंत.