तोळाभर दोरी आणि खाडीतला जिताडा

दिवाळे किंवा सारसोळ्याचा कोळी खाडीत पाग फेकतो, तेव्हा घेराला ओवलेलं शिसं जाळ्याला ओढून नेतं. साध्या गळाचंही तेच: टोकाला वजन, मागून दोरी. फ्लाय फिशिंगमध्ये हा हिशोब उलटा आहे. गरीवर पिसं आणि केस बांधून केलेली माशी इतकी हलकी, की नुसती भिरकावली तर पायाशीच पडेल. सगळं वजन दोरीत असतं. दोरी उडते आणि माशीला सोबत नेते.

हे वजन मोजण्याची पद्धत अमेरिकी उत्पादकांनी 1960च्या सुमारास ठरवली: दोरीचे पहिले 30 फूट, ग्रेनमध्ये तोललेले. 1 नंबरची दोरी 60 ग्रेन, 5 नंबरची 140, 8 नंबरची 210, 12 नंबरची 380. आपला जुना तोळा बरोबर 180 ग्रेनांचा. म्हणजे 8 नंबरची 30 फूट दोरी सव्वा तोळ्याच्याही आत, आणि समुद्रातल्या अजस्र माशांसाठीची 12 नंबरची दोन तोळ्यांहून किंचित जास्त! 8 नंबरवर दहा किलोंचा जिताडा लागला, तर ज्या दोरीच्या वजनावर माशी फेकली तिच्या सातशे पटींहून जड जीव पलीकडच्या टोकाला असतो.

हे आकडे फसवेही आहेत. 12 नंबर हा 1 नंबरच्या बारा पट नाही, जेमतेम सव्वासहा पट आहे. 6 नंबरपर्यंत प्रत्येक पायरी 20 ग्रेनांची, शेवटच्या पायऱ्या 50च्या. आणि 8 नंबरच्या दोरीला मिळणारी सूट 8 ग्रेन इकडे किंवा तिकडे, म्हणजे अर्धा ग्रॅम.

एवढ्याशा फरकाला किंमत आहे, कारण काठी त्याच वजनाने वाकते. मुठीच्या वर छापलेला नंबर दोरीच्या नंबरशी जुळला पाहिजे. मोकळ्या मैदानात माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून पाहा. दोरी मागे फेका, ती हवेत सरळ होईपर्यंत थांबा, मग पुढे. दोरी हलकी असेल तर काठी ताठच राहते, जड असेल तर मान टाकते. जोडी जमली की काठीचा वाक मुठीपर्यंत जाणवतो. हल्ली काही कंपन्या दोरी नंबरापेक्षा मुद्दाम जड बनवतात, म्हणून डब्यावरचे ग्रेन वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवशिक्याने 5 नंबर घ्यावा, असं बहुतेक परदेशी पुस्तकं सांगतात. तो सल्ला थंड ओढ्यातल्या ट्राउटसाठी आहे. जिताड्याची माशी मोठी, खाडीवर वारा कायम, आणि 5 नंबरची 9 ग्रॅम दोरी तिला पुढे नेऊच शकत नाही. इथे 8 नंबरनेच सुरुवात करावी, काठी 9 फुटी. माशीच्या आधी 40 पाउंडांचा तंगूस बांधावा, कारण जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाला अशी धार असते की बारीक तंगूस सहज कापला जातो.

रीळ शेवटी निवडावं. त्यात सुमारे 100 फूट दोरी आणि तिच्यामागे 200 यार्ड बारीक बॅकिंग मावलं पाहिजे. 200 यार्ड म्हणजे 183 मीटर, वाशीच्या खाडीपुलाचा दहावा भाग. या रिळाला गिअर नसतो. एका फेऱ्यात साधारण 25 सेंटीमीटर दोरी आत येते, म्हणजे माशाने 100 मीटर नेली तर ती परत आणायला 400 फेरे. ब्रेक खाऱ्या पाण्यापासून बंदिस्त असलेलाच घ्यावा, आणि घरी आल्याबरोबर रीळ गोड्या पाण्याने धुवावं.