हौशी नेमबाजाचा पिस्तूलसंग्रह (भारत)

हौशी नेमबाजाचा पिस्तूलसंग्रह म्हणजे नेमबाजीचा छंद नव्याने जोपासणाऱ्या व्यक्तीने कायद्याच्या मर्यादेत राहून जमवलेली मोजकी हस्तशस्त्रे होत. एका हातात धरून चालवता येणाऱ्या आखूड नळीच्या अग्निशस्त्राला हस्तशस्त्र म्हणतात. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. अमेरिकेसारख्या देशांत अशा संग्रहाला प्रामुख्याने खिशाची मर्यादा असते, तर भारतात तो शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी बांधलेला असतो. सर्वसाधारण परवानाधारकाला एकूण दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे नवशिक्यासमोरचा खरा प्रश्न किती शस्त्रे घ्यावीत हा नसून, कोणती दोन घ्यावीत आणि मुळात परवान्याच्या शस्त्राची गरज आहे का, हा असतो. या लेखात त्या निवडीचे निकष महाराष्ट्रातील, विशेषतः जुईनगरसारख्या नवी मुंबईतील वसाहतीत राहणाऱ्या नागरिकाच्या संदर्भात दिले आहेत.

## पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध आणले. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५९ मध्ये नवा शस्त्र अधिनियम संमत केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा पुढे २०१६ च्या नियमांनी घेतली. भारतीय राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. परवाना हा शासनाने पडताळणीनंतर दिलेला आणि कारण असल्यास काढून घेता येणारा अधिकार आहे.

नेमबाजी हा खेळ म्हणून संघटित होण्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर हे होते. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय मावळणकर नेमबाजी स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते. महाराष्ट्राने अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेता स्वप्नील कुसाळे असे रायफल नेमबाज दिले. पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथील विश्वचषकात २५ मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक मिळवले. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतही त्यांनी याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले.

## दोन शस्त्रांची मर्यादा

२०१९ पर्यंत एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगण्याची मुभा होती. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीने ही संख्या दोनवर आली. तिसरे शस्त्र असलेल्यांना ते एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक करण्यात आले. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

वारसाहक्काने आलेली शस्त्रेही या दोनांत मोजली जातात. समजा, एखाद्या घरात आजोबांची बारा बोअरची बंदूक आणि वडिलांचे रिव्हॉल्व्हर आहे. ती दोन्ही मुलाच्या परवान्यावर चढली, तर स्पर्धेचे पिस्तूल घेण्यासाठी सामान्य परवान्यावर जागा उरत नाही. तेव्हा आठवण जपायची की खेळ, हे त्याला ठरवावे लागते. परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र घरात तसेच ठेवणे बेकायदेशीर असल्याने, वारसाने आधी ते जमा करून मगच निर्णय घ्यावा लागतो.

या मर्यादेला पुढील अपवाद आहेत :

* हवेची शस्त्रे : .१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेतील एअर पिस्तुलाची ऊर्जा साधारण पाच ते सहा ज्यूल, म्हणजे या मर्यादेच्या बरीच खाली असते.
* क्रीडापटू : फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नेमबाजांना सवलत वाढवून दिली. एका प्रकारात नामांकित ठरलेल्या नेमबाजाला आठ, दोन प्रकारांत दहा, तर त्याहून अधिक प्रकारांत बारा शस्त्रे सवलतीत ठेवता येतात. उदयोन्मुख नेमबाजाला अशी दोन शस्त्रे मिळू शकतात. सामान्य नागरिक म्हणून मिळणारी दोन शस्त्रे यांहून वेगळी असतात.
* पुराणवस्तू : जुन्या बनावटीचे आणि दुरुस्तीनेही वापरण्याजोगे न होणारे शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. भिंतीवर टांगलेला निकामी तमंचा या वर्गात मोडू शकतो, मात्र तो खरोखर निकामी आहे याची खातरजमा आवश्यक असते.

## हस्तशस्त्रांचे प्रकार

रिव्हॉल्व्हरमध्ये नळीमागे फिरता दंडगोल असतो आणि त्याच्या खणांत काडतुसे बसतात. चाप ओढला की दंडगोल एक घर पुढे सरकतो. रचना सोपी असल्याने शस्त्र भरलेले आहे की रिकामे, हे दंडगोल उघडताच डोळ्यांना दिसते. पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये असतात आणि गोळी सुटल्यावर पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. मॅगझिन काढून घेतले तरी नळीत एक काडतूस राहिलेले असू शकते. पिस्तुलांच्या बाबतीतील अनेक अपघात याच विसरामुळे होतात.

काडतुसाच्या आकारमानावरून भारतीय व्यवहारात शस्त्रांचे निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर असे दोन वर्ग पडतात. सैन्य व पोलीस दलांच्या वापरातील ९ मिलिमीटर, .३८, .४५५ यांसारखी आकारमाने निषिद्ध समजली जातात. .२२ आणि .३२ ही नागरिकाच्या आवाक्यातील नेहमीची आकारमाने आहेत. देशी बनावटीची .३२ रिव्हॉल्व्हरे कानपूरच्या शासकीय कारखान्यांत तयार होतात. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर त्यांपैकीच होय. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. त्यामुळे देशात पूर्वीपासून असलेली परदेशी शस्त्रे अवाच्या सवा किमतीला विकली जातात. नवशिक्याने नावाच्या मोहाने अशा जुन्या शस्त्रावर पैसा घालण्याआधी त्याची नळी, चाप आणि सुटे भाग जाणकाराकडून तपासून घेणे हिताचे असते.

## निवडीचे निकष

हेतू. खेळ, स्वसंरक्षण आणि संग्रह या तीन हेतूंची शस्त्रे निरनिराळी असतात. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ हाताच्या मापाची, मोठी आणि लाकडी असते. ते कमरेला लावून फिरण्याच्या उपयोगाचे नसते. उलट, स्वसंरक्षणाच्या आखूड रिव्हॉल्व्हरने पंचवीस मीटरवर गुण मिळवणे कठीण असते. एकाच शस्त्रात तिन्ही हेतू साधण्याचा प्रयत्न बहुधा फसतो.

पहिले शस्त्र. प्रशिक्षक बहुधा १० मीटर एअर पिस्तुलाने सुरुवात करायला सांगतात. त्याला परवाना लागत नाही, छऱ्याचा खर्च काडतुसाच्या तुलनेत नगण्य असतो आणि धक्का जवळजवळ नसल्याने चूक धक्क्याची की हाताची, हा संभ्रम राहत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅमपर्यंत असावे आणि चाप किमान ५०० ग्रॅम दाबाचा असावा. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. साठ फैरींच्या मुख्य फेरीत तेवढ्या वर्तुळावर एका हाताने नेम धरायचा असल्याने, बळापेक्षा स्थिरता आणि श्वासावरील ताबा यांची कसोटी लागते.

दुसरे शस्त्र. एअर पिस्तुलावर हात बसल्यानंतर .२२ स्पर्धा पिस्तुलाचा विचार केला जातो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांच्या २५ मीटर जलदगती पिस्तूल या दोन्ही ऑलिंपिक प्रकारांत हेच आकारमान चालते. येथे वजनमर्यादा १,४०० ग्रॅम आणि चापाचा किमान दाब १,००० ग्रॅम असतो. हे पिस्तूल परवान्यावरच घ्यावे लागते, म्हणून परवाना मिळेपर्यंत संघटनेच्या किंवा क्लबच्या शस्त्रावर सराव करणे हा प्रचलित मार्ग आहे.

मूठ व डोळा. मूठ उजव्या किंवा डाव्या हातासाठी स्वतंत्र घडवलेली असते आणि तिची लहान-मोठी मापे मिळतात. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकले पाहिजे. नेम धरणारा डोळा आणि पिस्तूल धरणारा हात एकाच बाजूचे आहेत की विरुद्ध, हे खरेदीपूर्वी तपासावे. दुसऱ्याच्या हाताला शोभणारे पिस्तूल आपल्याही हाताला बसेल, असे नसते.

दुरुस्ती व सुटे भाग. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला आणि त्यांची अंतिम फेरी हुकली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनी दोन कांस्यपदके मिळवली. उत्तम बनावटीचे यंत्रही बिघडते, हा त्या प्रसंगाचा बोध आहे. ज्याचे वायसर, स्प्रिंग आणि हवेची नळकांडी देशात मिळतात तेच पिस्तूल नवशिक्याने निवडावे, असा सल्ला दिला जातो.

## परवाना आणि नवी मुंबई

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, तर इतरत्र जिल्हादंडाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी असतात. जुईनगर हे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. आयुक्तालयाचे मुख्यालय सीबीडी बेलापूर येथे, म्हणजे हार्बर मार्गावर जुईनगरपासून तिसऱ्या स्थानकावर आहे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. अर्जासोबत ओळख व निवासाचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाणे चौकशी करून अहवाल पाठवते. परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीसाठ्यात होऊन त्याला विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, असे अधिनियमाचे कलम १४ सांगते. परवाना नाकारल्यास कलम १८ अन्वये अपील करता येते.

सरावासाठी मुंबईत वरळी येथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे केंद्र आणि पुण्यात बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातील नेमबाजी केंद्र आहे. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी सुरू केलेला लक्ष्य शूटिंग क्लब पनवेल येथे असून, जुईनगरहून तेथे एकाच लोकलने जाता येते.

## सुरक्षितता आणि जबाबदारी

नवी मुंबईतील बहुसंख्य कुटुंबे सिडकोच्या किंवा खासगी इमारतींतील लहान सदनिकांत राहतात. अशा घरात भिंतीपलीकडे शेजारी असतो आणि कपाटाची किल्ली मुलांना सहज सापडते. म्हणून शस्त्र पोलादी, भिंतीत पक्क्या बसवलेल्या पेटीत रिकाम्या अवस्थेत ठेवणे, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवणे आणि किल्ली परवानाधारकानेच जवळ बाळगणे हे किमान नियम मानले जातात. जगभर शिकवले जाणारे मूलभूत नियम चार आहेत : प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजावे, नळी माणसाकडे वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये, लक्ष्य आणि त्यामागे काय आहे याची खात्री करावी. एअर पिस्तुलाला परवाना लागत नसला तरी त्याचा छरा डोळा निकामी करू शकतो. त्यामुळे त्यालाही हेच नियम लागू होतात.

लग्नात किंवा मिरवणुकीत आनंदाप्रीत्यर्थ गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निवडणुकीच्या काळात प्रशासन परवान्याची शस्त्रे जमा करून घेऊ शकते. मात्र सर्वांना सरसकट तसा आदेश न देता छाननी समितीने प्रत्येक प्रकरण तपासावे, ही पद्धत मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर रूढ झाली.

## मतभेद

दोन शस्त्रांची मर्यादा क्रीडापटूंवर अन्याय करते, हा आक्षेप २०१९ मध्येच घेतला गेला आणि त्यामुळेच पुढील वर्षी सवलती वाढल्या. तरी नामांकित ठरण्याआधीच्या नेमबाजाची अडचण पूर्णपणे सुटलेली नाही. गुण मिळवण्यासाठी चांगले शस्त्र हवे आणि सवलतीत शस्त्र मिळवण्यासाठी गुण हवेत, अशा पेचात तो सापडतो. याउलट, शस्त्रांची संख्या जितकी कमी तितके अपघात, चोरी आणि आत्महत्या यांचे धोके कमी, असे मर्यादेच्या समर्थकांचे म्हणणे आहे. क्लबांत सामायिक शस्त्रे ठेवून ती सरावापुरती उपलब्ध करून देणे हा दोन्ही बाजूंना मान्य होण्याजोगा मार्ग आहे. या पद्धतीत नवशिक्याला स्वतःच्या घरी एकही अग्निशस्त्र न आणता अनेक वर्षे नेमबाजी शिकता येते.