डब्याची साक्ष

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात छताला एक पांढरा डबा टांगलेला आहे. आकाराने जेवणाच्या ताटलीएवढा, पोटात एक हिरवा दिवा. मुद्दाम मान वर करून पाहावे असे त्यात काही नाही. परंतु मुलांच्या हातांतले फोन आणि मांडीवरचे संगणक हवेतून बोलतात ते याच्याशी, आणि त्यांचे बोलणे तारेवाटे बाहेरच्या जगात पोहोचवितो तोही हाच. जाणकार त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणतात. आमची मुले म्हणतात 'वायफायचा डबा'. या मुक्या डब्याने एका माणसाची अब्रू कशी राखली, त्याची ही हकीकत.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. हे अर्ज आता संगणकावरच भरावे लागतात, आणि खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या आमच्या पुष्कळ मुलांना त्यासाठी ग्रंथालयाचाच आधार. नेमके याच दिवसांत दुपारचा एक वाजला की ग्रंथालयातले जाळे आचके देऊ लागे, आणि दोनच्या सुमारास पुन्हा सुरळीत चाले. अर्धा अर्ज भरून झालेला असे आणि पडद्यावरचे चाक नुसते गरगर फिरत राही. मुले चिडली, पालक चिडले. कोणी कंपनीला शिव्या दिल्या. मग कोणीतरी हळूच एक नाव घेतले.

ते नाव होते ग्रंथालयाच्या शिपाईमामांचे. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की मामांना चैन पडत नसे. जाता येता बटणे बंद करण्याची त्यांची खोड साऱ्या महाविद्यालयाला ठाऊक होती. "जेवायला जाताना मामाच बटण बंद करून जातात!" झाले. मामांची जेवणाची सुट्टी एक ते दोन, आणि जाळे अडण्याची वेळही एक ते दोन. आणखी पुरावा कशाला हवा? प्राचार्यांनी 'कारणे दाखवा' नोटीस तयार करावयास सांगितली. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. ते माझ्याकडे आले.

"सर, पंखा बंद केला असंल, दिवा बंद केला असंल. पण त्या डब्याला मी हात लावला नाही."

मी शिकवितो भौतिकशास्त्र. परंतु 'यांना संगणकातले कळते' अशी एकदा ख्याती झाली आणि जाळे सांभाळण्याचे कामही माझ्या गळ्यात पडले. मी प्राचार्यांना म्हणालो, "साहेब, नोटीस चार दिवस थांबवा. आपण त्या डब्यालाच विचारू."

प्राचार्यांनी माझ्याकडे असे काही पाहिले, की उन्हाळा मला बाधला असावा!

डब्याच्या पोटातला तलाठी

वाचकहो, ही थट्टा नव्हे. डब्याला खरोखरच विचारता येते. जाळ्यातल्या बहुतेक यंत्रांच्या पोटात एक लहानसा कारकून बसविलेला असतो. तो दिवसरात्र नोंदी करीत असतो आणि कोणी रीतसर विचारले तर उत्तर देतो. हा कारकून म्हणजे एक छोटीशी आज्ञावली. तिला 'एजंट' असे नाव आहे.

त्याचे काम समजण्यासाठी आपला तलाठी आठवावा. तलाठ्याच्या दप्तरात गावनमुने असतात, एक ते एकवीस. त्यातला सातवा आणि बारावा मिळून आपला सातबारा होतो. या व्यवस्थेतली खरी मेख तलाठी लिहितो यात नाही. कोकणातल्या गावाचा नमुना सात आणि विदर्भातल्या गावाचा नमुना सात एकच, यात आहे. म्हणून मामलेदार कोठूनही बदलून येवो, "नमुना सात दाखवा" एवढे म्हटले की त्याचे काम होते.

जाळ्यातही अगदी हेच केलेले आहे. यंत्राच्या दप्तराला 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन बेस' म्हणतात, थोडक्यात 'मिब'. आणि दप्तर मागण्याची जी ठरलेली रीत आहे, तिचे नाव 'सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल', म्हणजे 'एसएनएमपी'. दप्तरातल्या प्रत्येक कलमाला जगभर एकच क्रमांक असतो. "तुला चालू होऊन किती वेळ झाला?" हा प्रश्न यंत्राला विचारावयाचा तर त्याचा क्रमांक आहे १.३.६.१.२.१.१.३. दिसावयास विचित्र, पण हा साधा पत्ता आहे, मोठ्यापासून धाकट्याकडे येणारा. पहिला १ आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा, ३ इतर संस्थांचा, ६ अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा, कारण इंटरनेटचा पाळणा त्याच घरात हलला. पुढचा १ इंटरनेटचा, २ व्यवस्थापनाचा, त्यानंतरचा १ दप्तराचा. त्यात पहिले पान यंत्राच्या ओळखीचे, आणि त्या पानावरचे तिसरे कलम आपल्या प्रश्नाचे. कारखानदारांसाठी वेगळी फांदी राखलेली आहे. तेथे आयबीएमचा क्रमांक २, सिस्कोचा ९. ज्याला आपल्या यंत्राविषयी काही खास नोंद ठेवावयाची असेल, त्याने ती आपल्या क्रमांकाखाली ठेवावी.

विचारण्याच्या आज्ञा तर बोटांवर मोजण्याइतक्या. 'गेट' म्हणजे हे कलम सांग. 'गेट नेक्स्ट' म्हणजे याच्या पुढचे सांग. 'सेट' म्हणजे हे कलम बदल. आणि गावात आग लागली तर तलाठी विचारणा होण्याची वाट पाहत नाही, स्वतःच तालुक्याला धावतो. तसा यंत्राने आपणहून धाडलेला सांगावा म्हणजे 'ट्रॅप'. मात्र हा सांगावा साध्या टपालासारखा असतो. वाटेत हरवला तर पोचपावती नाही. म्हणून शहाणा मामलेदार सांगाव्यावर विसंबत नाही. ठरल्या वेळी स्वतः विचारतो.

तात्पुरती छपरी कायमची झाली

या रीतीच्या जन्माची कथाही मौजेची आहे. १९८७ च्या सुमारास इंटरनेट झपाट्याने वाढत होते, पण कोठे काय बिघडले हे कळण्याचे सर्वमान्य साधन नव्हते. तेव्हा जेफ्री केस, मार्क फेडोर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन या चौघांनी जाळ्यांमधल्या नाक्यांवर देखरेख ठेवण्याची एक सुटसुटीत रीत रचली. १९८८ साली तिचेच सुधारलेले रूप एसएनएमपी म्हणून पुढे आले. इंटरनेटच्या धुरीणांचा बेत असा होता की सध्या यावर भागवावे. पुढे आंतरराष्ट्रीय मानकांवर आधारलेली भव्य पद्धत येईल. ती भव्य पद्धत इंटरनेटवर कधी रुजलीच नाही! कार्यापुरती घातलेली छपरीच पुढे घर होऊन बसली. केथ मक्‌क्लॉग्री आणि मार्शल रोझ यांनी पहिले दप्तर आखले, तेव्हाच त्यात शंभराच्या आसपासच कलमे ठेवावयाची असा दंडक होता. जो कारकून लिहिण्यातच दमेल तो काम काय करणार, हा विचार त्यामागे होता. १९९१ साली या दप्तराची सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातली कलमे आजही यंत्रे सांगत आहेत.

साक्ष

आता मूळ हकीकतीकडे येऊ. प्राचार्यांच्या देखत मी प्रयोगशाळेतल्या संगणकावरून डब्याला तो प्रश्न केला. उत्तर आले: ३५,६४,१८,२०७.

"हे काय?" प्राचार्य म्हणाले.

हे कलम सेकंदाच्या शतांशात मोजले जाते. हिशेब केला, तर ४१ दिवस, ६ तास आणि ३ मिनिटे. डब्याची वीज एकदा जरी बंद झाली असती, तरी हा आकडा शून्यापासून पुन्हा सुरू झाला असता. म्हणजे गेल्या ४१ दिवसांत त्या डब्याचे बटण कोणीही बंद केलेले नव्हते. (हा आकडा वाढता वाढता सुमारे ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतो, कारण त्याला जागाच तेवढी दिली आहे. पण आम्ही त्यापासून फार दूर होतो.)

"मग तार काढून ठेवीत असतील," बाजूला उभे असलेले एक सहकारी म्हणाले. माणसाला एकदा संशय आला की तो सहजी जात नाही. पण तारेचेही कलम दप्तरात असते: ही जोडणी सध्याच्या स्थितीत केव्हा आली? उत्तर आले, डबा चालू झाल्यावर काही सेकंदांनी. तेव्हापासून तार हललीही नव्हती.

मामा निर्दोष ठरले. पण मग जाळे अडत होते ते कशाने?

फुटकी पाकिटे

येथे बिनतारी यंत्रांचा एक स्वभाव सांगितला पाहिजे. तार तुटली की तुटली. ते लगेच कळते. हवा तुटत नाही, ती गढूळ होते. हिरवा दिवा जळत राहतो, यंत्र 'मी ठीक आहे' म्हणते, आणि तरी बोलणे पोहोचत नाही. बिनतारी जाळ्यात प्रत्येक मजकूर लहान लहान पाकिटांतून जातो. पाकिटाच्या शेवटी त्याचा ताळा लिहिलेला असतो. घेणारा तो पडताळतो. जुळला नाही तर पाकीट फुटके समजून टाकून देतो आणि फुटक्यांच्या मोजणीत एकाची भर घालतो. पोच न मिळाल्यामुळे पाठविणारा तेच पाकीट पुन्हा धाडतो आणि आपल्या खेपांच्या मोजणीत एकाची भर घालतो. या नोंदींसाठी ८०२.११ या बिनतारी मानकाचे वेगळे दप्तर आहे. आमच्या डब्यात ते होते, ही आमची सुदैवाची गोष्ट. सगळेच कारखानदार ते ठेवीत नाहीत.

या मोजण्यांचे आकडे विजेच्या मीटरसारखे असतात. मीटर आज काय दाखवितो यावरून काहीच कळत नाही. काल आणि आज यांतला फरक हेच बिल. म्हणून मी संगणकाला सांगितले, दर ५ मिनिटांनी विचार आणि वजाबाकी मांडून ठेव. १९९५ साली तोबियास ओएटिकर याने यासाठी 'एमआरटीजी' नावाचे साधन जगाला दिले, तेही ५-५ मिनिटांच्या नोंदींचे आलेख काढीत असे. फार अंतराने विचारून चालत नाही. जुन्या पद्धतीचा मोजणीचा आकडा ४,२९,४९,६७,२९६ झाला की शून्यावर येतो. आणि सेकंदाला १० कोटी बिट नेणारी तार तुडुंब भरून वाहत असेल, तर हे पावणेसहा मिनिटांतच घडते. त्याहून वेगवान तारांसाठी पुढे दुप्पट लांबीचे आकडे आले ते यामुळेच.

चार दिवसांचा आलेख पाहिला आणि मी चकित झालो. सकाळभर सपाट रेघ. एक वाजला की फुटक्या पाकिटांचा आणि फुकट खेपांचा डोंगर. दोनला पुन्हा सपाट. रविवारी मात्र डोंगर नाही!

डब्याने सांगावयाचे तेवढे सांगितले होते. 'हवा गढूळ आहे, अमुक वेळी आहे.' कशाने, हे कलम कोणत्याच दप्तरात नाही. ते माणसानेच जाऊन पाहावयाचे. पाचव्या दिवशी एक वाजता मी ग्रंथालयाच्या त्या कोपऱ्यात उभा राहिलो. भिंतीपलीकडून 'टिंग' असा आवाज आला आणि वांग्याच्या भाजीचा वास.

भिंतीच्या पलीकडे आम्हा प्राध्यापकांची खोली. तेथे दीड महिन्यापूर्वी जेवण गरम करण्यासाठी मायक्रोवेव्ह ओव्हन आला होता. त्याच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, आणि आमचा डबाही त्याच पट्ट्यात बोलणारा. ओव्हनमधून अगदी थोडी लहर बाहेर झिरपते. माणसाला तिचा उपद्रव नाही, पण वायफायच्या कुजबुजीपुढे ती आरोळीच. एकापाठोपाठ एक डबे गरम होत होते तासभर, आणि भिंतीच्या अलीकडे मुलांचे अर्ज अडत होते. आणि वाचकहो, त्या रांगेतला तिसरा डबा रोज माझाच असे!

दाराची किल्ली

ओव्हन दुसऱ्या टोकाला हलविला, ग्रंथालयाचा डबा ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर आणला, आणि डोंगर सपाट झाला. पण या खटाटोपात माझी स्वतःची एक चूक मला सापडली. एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत दप्तर मागताना एक परवलीचा शब्द सांगावा लागतो. वाचण्यासाठी 'पब्लिक', बदलण्यासाठी 'प्रायव्हेट', हे शब्द घालूनच पुष्कळ यंत्रे कारखान्यातून येत. ते बदलावयाचे असतात. मी बदललेच नव्हते. शिवाय हा शब्द तारेवरून उघडाच जातो. म्हणजे आमच्या दप्तराची किल्ली दारालाच लटकत होती; कोणीही 'सेट' म्हणून डबा बंद करू शकला असता, आणि आळ पुन्हा मामांवरच आला असता. २००२ च्या फेब्रुवारीत फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक कारखानदारांच्या एसएनएमपीत गंभीर उणिवा असल्याचे दाखवून दिले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसऱ्या आवृत्तीला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात विचारणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची आणि बोलणे कुलूपबंद करण्याची सोय आहे. आता आम्ही तीच वापरतो. ज्यांच्या घरी वा कचेरीत असे डबे आहेत, त्यांनी निदान परवलीचे शब्द तरी आजच तपासावेत.

नोटीस प्राचार्यांनी स्वतः फाडली आणि मामांना बोलावून दोन शब्द चांगले बोलले. संध्याकाळी मामा प्रयोगशाळेत आले. पडद्यावर दर ५ मिनिटांनी एक नवी ओळ उमटत होती. ते बराच वेळ पाहत राहिले.

"सर, हे काय चाललंय?"

"संगणक त्या डब्याला विचारतो आहे, मामा. कसा आहेस, काही त्रास आहे का, म्हणून."

"दर पाच मिनिटाला?"

"हो."

मामा हसले. दिव्याच्या बटणाकडे त्यांचा हात सवयीने गेला आणि मध्येच थांबला. "बरं आहे डब्याचं," ते म्हणाले. "मला तर बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारलं."