कर्कश ट्वीटर बदलण्याआधी

जुन्या स्पीकरमधला ‘स’ कानाला चावू लागला, की लोक थेट नवा ट्वीटर आणायला निघतात. आधी त्याच्या वाटेतला कपॅसिटर बदलून पाहा, खर्च किरकोळ. ८ ओहमच्या ट्वीटरसाठी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ४,२०० हर्ट्झखालचा आवाज रोखतो. वयाने त्याचे मूल्य वाढले, की ही हद्द खाली सरकते आणि न पेलणारे स्वर बिचाऱ्या ट्वीटरवर येतात. खाडीकाठच्या खारट, दमट हवेत जोडण्याही गंजतात. त्या घासून घ्या.

ट्वीटर बदलायचाच असेल, तर दोन्ही पेट्यांतला बदला. ओहमइतकेच संवेदनशीलतेचे डेसिबलही जुळवा. ८८ च्या जागी ९१ चा बसवला, तर दुप्पट वीज दिल्यासारखा तो किंचाळेल. मग रेझिस्टर लावून आवरावा लागतो. पिएझो ट्वीटर स्वस्त खरे, पण ते मंडपातच शोभतात.