बॉनेटवर एक थाप

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि बीडच्या पहाटेला बोचरा गारवा येतो. दिवाळीत घर लख्ख झालेले असते. दारातली लाडकी गाडीही धुऊन चकचकीत होते, पण बॉनेट कोणी उघडत नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याने खंगलेली बॅटरी पहिल्या कडाक्यात दगा देते. थंडीत तिची रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइलही घट्ट होते. तापमान ५-६ अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने घटतो.

खाली दुकान, वर घर अशी आपली वस्ती. शटर ओढून गाडी ‘गरम’ करणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जिन्याने वर चढतो. दारे लावून पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीचेही तेच.

इंजिनाची ऊब मांजराच्या पिलांनाही हवी असते. किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारावी, चाकांमागे वाकून पाहावे. उंदरांसाठी विष नकोच, हे आपल्या घरांत सांगायला नको. धान्याची पोती मात्र गाडीजवळून हलवावीत.

खरी कसोटी मांजरसुंब्याच्या घाटात. पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, कडेने धुक्यात पांढऱ्या वस्त्रांतला विहार. अप्पर लावला तर धुक्याची भिंतच उजळते. डिपरच ठेवावा, वेग उतरवावा. विहारात सोबत चालणाऱ्या श्रावकांनी चकाकणारी जाकिटे घालावीत, आणि एक जण मागेच असावा.